जाऊन येऊन नऊ किलोमीटर

दिवाळी अंक म्हटला की त्यात एक तरी प्रवासवर्णन हवेच. कोणी बद्रीकेदारला जाऊन आलेले असते, कोणी स्वित्झर्लंडच्या बर्फात उभे राहून काढलेला फोटो संपादकांकडे धाडते, आणि आपण चकलीचा तुकडा मोडीत मोडीत घरबसल्या ती हिमशिखरे पाहून घेतो. मलाही यंदा प्रवासावरच लिहायचे आहे. पण माझा प्रवास लांबीने फार तोकडा. उमरग्याच्या बाहेरच्या अंगाला जी नवी वसाहत झाली आहे, तिथल्या माझ्या घरापासून कॉलेजपर्यंत साडेचार किलोमीटर, आणि संध्याकाळी तितकेच परत. वाहन सायकल. सामान म्हणजे हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी आणि कॅरियरवर सुतळीने बांधलेला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

हा प्रवास मी सोळा वर्षे करतो आहे. वर्षाचे कामाचे दिवस दोनशे धरले, तर आजवर अठ्ठावीस हजार आठशे किलोमीटर झाले. पृथ्वीचा घेर चाळीस हजारांचा आहे. म्हणजे आणखी सहा-सात वर्षे नोकरीत काढली की माझी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होईल, आणि तीही तालुक्याबाहेर पाऊल न टाकता! तेव्हा अनुभवाच्या बाबतीत मला अगदीच कच्चा समजू नये, एवढीच वाचकांना विनंती.

उमरगा गाव पुष्कळांनी पाहिलेले असते, पण अर्धवट झोपेत. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणारी बस रात्री-अपरात्री इथून जाते. कोणीतरी पडदा सारून विचारते, "कुठलं गाव आलं?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुन्हा डुलकी लागते. जिल्हा धाराशिव, २०२३ पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद. रस्ता पूर्वी ९ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता ६५ क्रमांकाचा. पूर्वेला थोडे पुढे गेले की कर्नाटकाची हद्द लागते, आणि ती हद्द बाजारात ऐकूसुद्धा येते. भाजीवाली मला "घ्या की हो सर, कवळी हाय" म्हणून गवार देते, तिच्या शेजारची कानडीत भाव करते, आणि सायकलवाले चाचा "हौ सर, हौ" म्हणत दखनीत हवा भरून देतात. तिघांचा हिशेब मात्र एकाच भाषेत चालतो आणि तो कधी चुकत नाही.

या रस्त्याला इतिहास आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या मुलखात शिरली ती याच वाटेने. नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, जळकोट मागे पडले, आणि त्याच दिवशी रणगाडे उमरग्यापर्यंत येऊन ठेपले. पुढे चारच दिवसांत, १७ सप्टेंबरला, हैदराबाद संस्थान शरण आले. त्या रस्त्याच्या कडेने मी रोज सकाळी सव्वासातला घंटी वाजवीत जातो. माझ्या वाटेचे अर्धे अंतर या महामार्गाचे आहे. उरलेले वसाहतीतून, ओढ्यावरून आणि जुन्या गावाच्या कडेने जाते.

मोटारीतून जाणाऱ्याला उमरगा सपाट वाटतो. नकाशातही बालाघाटच्या पठाराचा तो एक तुकडा दिसतो. पण चढ कुठे आहे हे विचारायचे ते सायकलवाल्याला! माझ्या वसाहतीपासून ओढ्यापर्यंत रस्ता इतका हळूच उतरतो, की पायांना तेवढे कळते, डोळ्यांना नाही. ओढ्यानंतर तीनशे पावलांचा चढ आहे. पस्तिशीपर्यंत तो मी बसल्या बसल्या चढत असे. आता सीटवरून उठून, पॅडलवर उभे राहून चढतो. रस्ता तोच आहे. वय वाढल्याची बातमी मला सर्वांत आधी त्यानेच दिली.

वाऱ्याचेही तसेच. कॉलेज मला पश्चिमेला आहे. आषाढ-श्रावणात वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना छातीवर. छत्री उघडायची सोय नाही, रेनकोटाचे शीड होते, आणि साडेचार किलोमीटरांचे सात झाल्यासारखे वाटतात. परत येताना तोच वारा पाठीवर हात ठेवून घरी आणून सोडतो. दिवाळीनंतर तो दिशा बदलतो. पूर्वेकडून येऊ लागतो. मग जाणे सुखाचे आणि येणे कष्टाचे. ऊन मात्र वर्षभर माझ्या बाजूचे आहे. सकाळी जाताना सूर्य पाठीशी, संध्याकाळी येतानाही पाठीशी. घराची जागा घेताना कोणी उत्तर-दक्षिण पाहतात, कोणी पाण्याचा नळ पाहतात. ज्याला सायकलने नोकरीला जायचे आहे त्याने आधी वारा पाहावा.

या भागाची माती काळी. कोरडी असताना तिच्यासारखी सज्जन माती नाही. पण एक सर पडून गेली की ती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी ठासून बसते की चाक फिरेनासे होते. मग काडीने कोरून काढा, चार पावले जा, पुन्हा कोरा. म्हणून आमच्याकडच्या खेड्यांत पावसाळ्यात माणसाच्या खांद्यावर सायकल दिसली तर कोणी हसत नाही. आठ महिने तिने माणसाला वाहायचे आणि चार महिने माणसाने तिला, असा तो करार आहे.

चालत जाणारा थकून आजूबाजूला पाहत नाही आणि मोटारवाल्याला पाहायला वेळ नसतो. सायकलचा वेग असा आहे की ओळखीच्या माणसाला नमस्कार करून त्याचे उत्तरही ऐकता येते. सोयाबीनची रास रस्त्याच्या कडेला पसरली की भाद्रपद संपत आला. तुरीला पिवळी फुले आली की पहिल्या सत्राची परीक्षा जवळ आली. शाळूची कणसे भरली की हुरड्याचा वास बांधावरून रस्त्यापर्यंत येतो, आणि त्या दिवसांत पहिल्या तासाला अर्धा वर्ग रिकामा का असतो हे मला हजेरीपटाआधी नाक सांगते. उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की मात्र मी घंटीवरचा भरवसा सोडतो. मागे दिवा नसलेली, दोन्ही अंगांना ऊस फाकलेली ट्रॉली अंधारात अचानक पुढे उभी राहते, तेव्हा सायकलचा ब्रेक आणि देवाचे नाव ही दोनच साधने हाताशी असतात.

सकाळच्या वेळी सायकलवर मी एकटा नसतो. गवंड्याच्या हाताखाली काम करणारे दोघे असतात. त्यांच्या हँडलला थापी आणि ओळंबा लटकत असतो. एका हॉटेलात भांडी घासणारा म्हातारा असतो. वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा असतो. नगरपरिषदेचे झाडूवाले असतात. आणि शाळा-कॉलेजांच्या मुली असतात, तीन-तीन, चार-चार जणींच्या ओळी करून. प्राध्यापक मात्र त्यात मी एकटाच. त्यामुळे पहिली दोन वर्षे मला रोज एक प्रश्न विचारला जाई.

"सर, गाडी बिघडली का?"

"नाही हो. सायकलच आहे माझी."

"हां, डॉक्टरनी सांगितलं असंल."

म्हणजे चाळिशीकडे झुकलेला पगारदार माणूस सायकलवर दिसला तर त्याची दोनच कारणे असू शकतात: एक तर मोटारसायकल दुरुस्तीला दिली आहे, नाही तर साखर वाढली आहे. कॉलेजात मोटारींसाठी छप्पर आहे, मोटारसायकलींसाठी आखलेली जागा आहे. माझी सायकल कडुलिंबाच्या बुंध्याला टेकवलेली असते. तक्रार नाही. कडुलिंबाची सावली पत्र्याच्या छपरापेक्षा चांगली असते. पण ही नजर कुठून आली याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

कारण एके काळी सायकल हीच श्रीमंताची चीज होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या उद्योगाचा श्रीगणेशा केला तो १८८८ मध्ये बेळगावात, सायकलच्या लहानशा दुकानाने. तेव्हा सायकलला सातशे ते हजार रुपये पडत, आणि ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे, असे सांगतात. त्या काळी हजार रुपयांत माणूस शेत घेई! जिला आज आम्ही झाडाला टेकवून ठेवतो, ती त्या वेळी दिवाणखान्यात ठेवण्याच्या मोलाची होती. १८८८ हेच साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याआधी भरीव रबराच्या चाकांवरून जाताना हाडे खिळखिळी होत. हवेची गादी आली आणि सायकल खऱ्या अर्थाने माणसांची झाली.

पुढे ती स्वस्त झाली, देशी झाली. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला, बंगालात आसनसोलला, सोनीपतला आणि लुधियानाला सायकली बनू लागल्या. १९५१ मध्ये ॲटलस, १९५६ मध्ये हीरो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मराठी घरात सायकलचे काय स्थान होते ते ज्येष्ठ वाचकांना सांगायला नको. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. नगरपालिकेचा कर भरल्याचा पितळी बिल्ला, दिवा नसला तर कोपऱ्यावरचा पोलीस, डबलसीट दिसले की शिट्टी, तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकली, दांडीखालून पाय घालून शिकलेली ती पहिली फेरी आणि फुटलेले ते पहिले गुडघे! लग्नात जावई रुसायचा तोही घड्याळ आणि सायकल यांसाठी. हुंडा हा वाईटच. पण त्या रुसव्यावरून सायकलची प्रतिष्ठा कळते.

मग स्कूटर आली, मोटारसायकल आली, हप्त्यावर मिळू लागली, आणि जावयाने रुसण्याची वस्तू बदलली. ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ठरवून दिला आहे. नेमक्या त्याच दिवशी, २०२० साली, ॲटलसने दिल्लीजवळच्या साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला.

पण यावरून सायकल संपली असे समजू नये. २०११ च्या जनगणनेत कामावर कसे जाता हे विचारले गेले. शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामे करणाऱ्या सुमारे वीस कोटी माणसांची ती मोजणी होती. त्यांत सायकलने जाणारे शंभरात तेरा निघाले, आणि मोटारसायकल-स्कूटरने जाणारेही जवळजवळ तेवढेच, किंबहुना किंचित कमी. त्याच जनगणनेत देशातल्या शंभरातल्या पंचेचाळीस घरांत सायकल होती आणि मोटार पाच घरांतसुद्धा नव्हती. तेव्हापासून हे आकडे बरेच हलले असतील. तरी सकाळी सातला ओढ्याच्या चढावर उभे राहिले की ते शंभरातले तेरा डोळ्यांनी मोजता येतात. थापी, ओळंबा, झाडू आणि दप्तर घेऊन ते समोरूनच जातात. मग सायकल संपली हे आपल्याला वाटते कशाने? आपल्या ओळखीच्या माणसांनी ती सोडली, एवढेच त्याचे कारण.

या मंडळींचे खरे विद्यापीठ म्हणजे चाचांचे दुकान. दुकान म्हणजे एक पत्रा, एक लाकडी पेटी, एक उभा पंप आणि पाण्याने भरलेली एक चेपलेली लोखंडी घमेली. चाचांचे काम पाहत बसणे हा माझा जुना शौक आहे. दोन पान्यांनी टायर रिमवरून उचलायचे, ट्यूब ओढून काढायची, हवा भरून ती पाण्यात बुडवीत बुडवीत फिरवायची. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ उठते. तिथे पेन्सिलीने खूण. मग पॉलिश पेपरने घासून सोल्यूशन लावायचे, आणि इथे खरी विद्या आहे: लगेच ठिगळ लावायचे नाही. सोल्यूशन सुकू द्यायचे. नवशिका घाई करतो आणि त्याचे ठिगळ दुसऱ्या दिवशी सुटते. चाचा त्या वेळात बिडी पेटवतात. बिडी अर्धी झाली की ठिगळ बसवतात आणि हातोडीने दोनदा ठोकतात. शेवटी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधल्याशिवाय ते चाक बसवत नाहीत. "काटा अंदरच रहा तो पंक्चर कायको निकाला सर?" असे ते म्हणतात. मी शुद्धलेखनाच्या चुका नुसत्या दुरुस्त करीत असे; त्या होतात कशाने, हे शोधायला चाचांचे दुकान पाहिल्यावर लागलो.

चाचांच्या दुकानात दिवसाला पूर्वी वीस-पंचवीस सायकली येत. आता त्यांच्या मुलाने शेजारी मोटारसायकलींचे गॅरेज टाकले आहे आणि घर त्यावर चालते. पण जून महिन्यात चाचांना अजूनही उसंत नसते. तेव्हा मुलींच्या सायकली येतात. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून, आमच्या जिल्ह्यासारख्या मागास जिल्ह्यांत, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी साहाय्य मिळते. शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत असावी लागते. याआधी बिहारने २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या. त्याचा पुढे दोन अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे बत्तीस टक्क्यांनी वाढलेले आढळले. शाळा तीच होती, शिक्षक तेच होते. फक्त अंतर कमी झाले होते.

अंतर ही गोष्ट आमच्या भागाला वेगळीच ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले आणि आता लोहारा तालुक्यात गेलेले सास्तूर त्यात उद्ध्वस्त झाले. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. नवी घरे मजबूत होती, रस्ते रुंद आणि काटकोनात आखलेले होते. पण जुन्या गावठाणाच्या मानाने नव्या गावाने जागा कितीतरी पट व्यापली. जुन्या गावात शेजारणीला हाक मारून विस्तव मागता येई. नव्या गावात शेजार लांब गेला, आणि पुष्कळांचे शेतही लांब पडले. तिकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला सांगितले, "गाव नवं झालं सर, पण पाय जुनेच राहिले." जिथे पाय पुरेनात तिथे सायकल आली. चालायला जेवढी शक्ती लागते तिच्या साधारण पाचव्या हिश्शात सायकल माणसाला तेवढेच अंतर नेते, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्या म्हाताऱ्याला ते न सांगताच कळले होते.

आता महामार्गाविषयी लिहायला हवे. रस्ता चौपदरी होऊ लागला याचा मला आनंद आहे. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पेशंट लवकर पोचतो, व्यापाऱ्याचा माल लवकर जातो. परंतु जो रस्ता पूर्वी गावातून जात होता तो आता गावाला दोन तुकड्यांत कापून जातो. मध्ये दुभाजक आला. पलीकडचे दुकान पंचवीस पावलांवर दिसते, पण सायकलवाल्याने नियमाने तिथे जायचे तर पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यायचे. मोटारीला हे अंतर दीड मिनिटाचे. पायांनी रेटणाऱ्याला ते तेवढे सोपे नाही. म्हणून तो उलट्या बाजूने येतो, आणि मग आपण मोटारीतून त्याला शिव्या देतो.

माझ्या वर्गात दोन वर्षांपूर्वी एक मुलगी होती. गाव महामार्गाच्या पलीकडे, सहा किलोमीटरवर. आठवीत मिळालेल्या सायकलवर बारावी करून ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आली होती. मराठीचा निबंध असा लिही की तपासताना लाल पेन खाली ठेवावे. श्रावणात ती पहिल्या तासाला दिसेनाशी झाली. विचारले तेव्हा म्हणाली, "काळी-पिवळीनं येते सर. ती भरल्याशिवाय सुटत नाही." येण्याजाण्याचे चाळीस रुपये होत. मग आठवड्यातून तीनच दिवस येऊ लागली. मग दोन.

एका रविवारी मी सायकलने तिच्या गावी गेलो. वडील गोठ्यात होते. त्यांनी बाज टाकली, चहा आणवला, आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणाले,

"पोरगी शिकावी असं मलाबी वाटतं की सर. पर तुम्ही रोज जाताय, तुम्हीच सांगा. त्या ट्रकाच्या तोंडी देऊ का तिला?"

याला मी काय उत्तर देणार? मी त्या रस्त्याने सोळा वर्षे जातो, आणि अंगावर काटा आला नाही असा महिना गेलेला नाही. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर मी भाषणे केली आहेत; त्या गोठ्यात त्यातले एकही वाक्य उपयोगाचे नव्हते. मी चहा प्यालो. मग त्यांची आईच, म्हणजे मुलीची आजी, चुलीपाशी बसून बोलली, "मोरीखालून जाईना का ती! आम्ही म्हशी नेत होतो की."

ती मोरी आम्ही तिघे पाहायला गेलो. महामार्गाच्या खालून ओढ्याचे पाणी जाण्यासाठी बांधलेला तो बोगदा. उंची माणसाला वाकावे लागणार नाही एवढी. तिथपर्यंत शेतांमधून जुनी पाणंद होती, पण बाभळीने भरलेली आणि चिखलाने मोडलेली. मोरीतून पलीकडे गेले की जुन्या गावाच्या मागून कॉलेजचा रस्ता लागत होता. महामार्गाला चाक लावायचीच गरज नव्हती. वडिलांनी बाभळीकडे पाहिले, चिखलाकडे पाहिले आणि म्हणाले, "दोन ट्रॉल्या मुरूम लागंल."

मुरूम त्यांनी आणि शेजारच्या तीन घरांनी मिळून टाकला. त्या घरांच्याही मुली गावात शिकायला येत होत्या. दसऱ्याच्या सुमारास पाणी ओसरले आणि चौघी त्या वाटेने येऊ लागल्या. पावसाळ्यात मोरी वाहते तेव्हा अजूनही काळी-पिवळीच. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या चार मुलींचे पदवीचे शिक्षण वर्षातून आठ महिने एका मोरीवर आणि दोन ट्रॉल्या मुरुमावर चालले आहे. महामार्गाला लागलेल्या खर्चात असा मुरूम किती गावांना पुरला असता, हे गणित मी मराठीचा माणूस असल्यामुळे सोडून देतो.

मागणी फार मोठी नाही. परदेशांत सायकलींसाठी वेगळे रस्ते आहेत, त्यांचे फोटो मीही पाहिले आहेत. आम्हाला ते नकोत. जिथे जिथे रस्ता गाव कापतो तिथे खालून जाणारी एक कोरडी वाट हवी. महामार्गाच्या कडेला, पांढऱ्या रेघेच्या बाहेर, खड्डा आणि वाळू नसलेली दोन हात जागा हवी. आणि उसाच्या ट्रॉलीला मागे लाल काच हवी. तालुक्याच्या गावात शाळा, बाजार, कचेरी, दवाखाना हे सगळे अजून पाच किलोमीटरच्या आत आहे. शहरांना हे भाग्य पुन्हा मिळणार नाही. ते आम्हाला आज आहे, आणि रस्ता नुसता मोटारींच्या सोयीने आखला तर तेही जाईल. मग गवंड्याच्या हाताखालचा माणूस कर्ज काढून मोटारसायकल घेईल, आणि मुलगी घरी बसेल.

ती मुलगी यंदा तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या सायकलची चेन पावसाळ्यात गंजली म्हणून सुटीआधी तिने ती चाचांकडे टाकली. चाचांनी चेन रॉकेलमध्ये भिजत ठेवली आहे आणि कॉटर पिन नव्या घातल्या आहेत. दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू होईपर्यंत मोरीतले पाणी आटते. या वर्षी पाऊस उशिरापर्यंत लांबला, तेव्हा मुरुमाची आणखी एक ट्रॉली लागेल. तिचा माझ्या वाट्याचा हिस्सा मी पगाराच्या दिवशी पोचता केला आहे.